तुतीची हाक

त्या वनविद्यालयात शिरताना आपलं नाव फाटकाबाहेर ठेवायचं आणि आत झाडाच्या नावानं वावरायचं, अशी रीत होती. ती कुणी पाडली हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण कशासाठी पाडली ते पहिल्याच आठवड्यात कळायचं. वरच्या रानात धुकं उतरलं की पुढच्याची पाठसुद्धा धड दिसायची नाही. मग रांगेतला पहिला थांबायचा आणि आपलं झाड मोठ्यानं सांगायचा. त्याच्यामागचा आपलं सांगायचा, आणि अशी हाक शेवटच्या माणसापर्यंत जायची. शेवटचं झाड कानावर पडलं की पहिला म्हणायचा, "पुरे." पुरे म्हणजे सगळे आहेत, पाय उचला. माणसांची नावं धुक्यात एकसारखी ऐकू येतात, म्हणून झाडं. एका तुकडीत एक झाड एकालाच.

झाड देताना विद्यालयाची विनोदबुद्धी भलतीच जागी व्हायची. ठेंगण्याला देवदार, टकलाला निवडुंग. यंदाच्या तुकडीतल्या सगळ्यात लंबूटांग पोराला बांबू मिळालं, तर बांबू हे झाड नसून गवत आहे, आपल्यावर अन्याय झाला, असं तो भेटेल त्याला ऐकवत होता. प्राचार्य स्वतः साग. सरळसोट, महागडे, आणि सावलीचं नाव नाही.

आणि ती उंबर. तिच्याआधी तिथं शिकवायला बाई आलेलीच नव्हती. "आमच्याकडे बाई म्हणजे उंबराचं फूल," असं सागसाहेब पहिल्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन म्हणाले आणि सगळे खो खो हसले. तीही हसली. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी माणूस कशालाही हसतं.

पहिल्या फेरीला धुकं लागलं तेव्हा ती रांगेच्या मधोमध होती. नावं गेली, साहेबांनी पुढून खणखणीत "पुरे" म्हटलं, रांग हलली. आणि त्यानंतर, सगळ्यात मागच्या माणसाच्याही बऱ्याच मागून, बाईचा आवाज आला.

"तुती."

घाबरलेला नव्हता. रडवाही नव्हता. वर्गात हजेरी देतात तसा साधा आवाज होता, थोडा धाप लागलेला. तुकडीत तुती कुणीच नव्हतं. उंबर वाटेतच थांबली. मागच्या पोराची टक्कर बसली तेव्हा ती भानावर आली. तो "सॉरी मॅडम" म्हणाला. बाकी कुणी काही म्हणालं नाही, आणि तिनंही विचारलं नाही, कारण तुती म्हणजे कोण हे तिला ठाऊक होतं.

तिची मावशी. आईची थोरली बहीण, आई अजूनही जिचा उल्लेख 'ताई' असा करते आणि करताना हातातलं काम थांबवते. त्या वनविद्यालयात शिकायला गेलेली पहिली मुलगी. मुलगी म्हणून तिला खास बाब करून घेतलं होतं, आणि मुलगी म्हणूनच मोठ्या मायेनं एक सूटही दिली होती. तिथं झाड मिळवायचं तर आधी उभ्या उताराची परीक्षा द्यावी लागे: पाठीवर ओझं घेऊन खालून वर. मुलीला कशाला तो त्रास, म्हणून तिला परीक्षा माफ. परीक्षा नाही म्हणून झाड नाही. झाड नाही म्हणून हाकेत नाव नाही. सगळे तिला 'पाहुणी' म्हणायचे आणि रांगेच्या शेवटी चालवायचे.

सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं धाकट्या बहिणीला सांगितलं होतं, "देत नाहीत तर न देवोत. मी माझं घेतलंय. तुती." का, तर परसात तुतीचं झाड होतं आणि दोघी त्यावर चढून जांभळ्या तोंडानं उतरायच्या. परत निघाली तेव्हा धाकटीनं पिकलेल्या तुती रुमालात बांधून तिच्या खिशात कोंबल्या होत्या. त्यांचे डाग पडतील म्हणून आजीनं दोघींना बोलणी घातली, तेवढंच त्या निघण्याच्या वेळचं घरात सांगण्यासारखं राहिलं.

पोचली त्याच आठवड्यात धुकं आलं. हाक गेली, नावं सगळी आली, पुरे झालं. ती नाही हे जेवणाच्या वेळी उरलेल्या ताटावरून कळलं. शोधाशोध झाली, पण रान मोठं आणि धुकं हटेना. मग विद्यालयानं घरी कळवलं की आमची मोजणी पूर्ण होती, तेव्हा मुलगी रानातून हरवलेली नाही. ती आपणहून कुठंतरी गेली असावी. पुढचं गावानं पूर्ण केलं. पळून गेली. कुणाबरोबर, यावर मात्र एकमत नव्हतं.

हे वाक्य आईसमोर उच्चारण्याची कुणाची छाती नव्हती. एका लग्नात लांबच्या काकांनी सहज म्हणून ते काढलं, तर आई भरल्या पंगतीतून उठली आणि त्यांच्या हयातीत पुन्हा त्यांच्या दारात गेली नाही. "माझी ताई पळणाऱ्यातली नव्हती," एवढंच म्हणायची. त्याच विद्यालयात नोकरी धरल्याचं मुलीनं सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात लाडू भरताना म्हणाली, "कानटोपी घालत जा. धुकं बाधतं."

अर्धं वर्ष गेलं. धुक्याच्या प्रत्येक फेरीला 'पुरे'नंतर तो आवाज येत राहिला. उंबर स्वतःची समजूत घालायची: रानात आवाज फिरतो, कड्यावर आपटून परत येतो, आणि मी लहानपणापासून तेच ऐकत आलेय, म्हणून मला तेच ऐकू येतं. उन्हात बसून केलेली ही समजूत धुक्यात तिच्या काही कामाला यायची नाही.

मग नवी मुलगी आली. एक पाय आखूड, त्या पायात जाड तळव्याचा बूट, आणि जीभ अशी की बांबूसुद्धा तिच्यापुढे वाकायचा. रोपवाटिकेत वाढलेली, बी हातात घेतलं की उगवेल की नाही ते सांगायची आणि चुकली तर पैज हरल्याचा चहा पाजायची. विद्यालयाला त्या वर्षी वरून सूचना होती की जंगलाच्या शिक्षणात आजवर न आलेल्यांना आणा. सागसाहेबांनी ती मनावर घेतली. रंगीत माहितीपत्रक छापलं, वर 'जंगल सर्वांचं', खाली त्या मुलीचा फोटो: हातात होकायंत्र, नजर दूर. होकायंत्र फोटोपुरतं दिलं होतं आणि नंतर परत घेतलं.

आणि तिला उताराची परीक्षा माफ केली.

उंबर साहेबांच्या खोलीत गेली. "सर, तिला झाड द्यायला हवं."

"परीक्षेशिवाय कसं देणार? नियम आहे."

"मग परीक्षा देऊ द्या. ती तयार आहे."

"आणि पडली तर? उद्या बोंब होईल की अपंग मुलीला छळलं." साहेबांनी माहितीपत्रकांचा गठ्ठा सरळ केला. ते वाईट मनाचे नव्हते. त्या मुलीला वसतिगृहात तळमजल्याची खोली मिळावी म्हणून त्यांनी वरच्यांशी भांडण काढलं होतं. "अहो, तिच्या सोयीसाठीच करतोय मी. रानात येऊ दे की बरोबर. पाहुणी म्हणून."

मावशीलाही तिथं हेच म्हणायचे. तेव्हाच तिनं टेबलावर हात आपटायला हवा होता. पण नोकरी नवी, साहेबांचा सूर गोड, आणि 'पाहुणी' शब्दामुळे आपण का चवताळलो हे सांगायचं तर मावशी सांगावी लागली असती. ती "बरं" म्हणून बाहेर आली. या 'बरं'ची पुढे तिला फार लाज वाटली.

त्या दिवशी सकाळी आभाळ निरभ्र होतं. जुन्या लागवडीत किती झाडं तगली ते पाहायला पूर्ण तुकडी वर निघाली. साहेब पुढे, उंबर मध्ये. तिनं त्या मुलीला स्वतःच्या पाठीशी घेतलं होतं, पण साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "पाहुणीला शेवटी घ्या. मध्ये असली की हाक तुटते." मुलीनं उंबरकडे पाहून भुवया उडवल्या, जणू म्हणत होती, बघा आमचा मान. आणि खुरडत खुरडत बांबूच्या मागे जाऊन उभी राहिली.

माथ्यावर पोचायच्या आत धुकं आलं. असं आलं की उंबरला स्वतःचे बूट दिसेनात. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, बाकी सगळं मुकं. साहेब थांबले आणि हाक सुरू झाली. साग. देवदार. निवडुंग. नावं एकेक करून तिच्याकडे आली, तिनं आपलं सांगितलं, नावं मागे गेली. सगळ्यात शेवटी, लांबून, बांबू.

"पुरे," साहेब म्हणाले. रांग हलली.

"तुती."

आज तो आवाज मागून नव्हता. खालून होता, डाव्या अंगाला, उताराकडून. आणि एकदाच येऊन थांबला नाही. "तुती," पुन्हा आला. पुन्हा. धाप वाढत चालली होती, जसं कुणी हात धरून ठेवलाय आणि आता तो सुटत चाललाय.

"थांबा!" उंबर ओरडली. "मोजणी अपुरी आहे."

साहेब धुक्यातून मागे आले. "सगळी नावं आली. मी ऐकली."

"ती मुलगी कुठाय?"

"शेवटी असेल. बांबूच्या मागे."

बांबूला विचारलं. त्याला काय ठाऊक? धुक्यात जो तो पुढच्याची पाठ धरून चालतो, मागे बघत नाही. मागच्याचं नाव आलं की मागचा आहे, एवढंच. आणि मागचीला नाव नव्हतं. तो वळून चाचपडू लागला, आणि त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "मॅडम, इथं कुणीच नाही."

"तुती."

उंबरनं साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा हातभर अंतरावर होता आणि कान आवाजाच्या दिशेला टवकारलेले होते. तिला लख्ख कळलं.

"तुम्हाला ऐकू येतं," ती म्हणाली.

"सगळ्यांनाच येतं," साहेब हळू म्हणाले. "माझ्या आधीच्या साहेबांनाही यायचं. त्यांनी मला सांगितलं होतं, लक्ष द्यायचं नाही. पुरे जरा मोठ्यानं म्हणायचं. सवय होते."

तिनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. पुढच्या पोराच्या खांद्यावरचा दोर काढून घेतला, एक टोक बांबूच्या हातात दिलं आणि उताराला लागली.

उतार निसरडा होता. पाणी अडवायला पूर्वी कधी तरी खणलेले आणि पावसानं कोरून दोन पुरुष खोल झालेले चर नेच्यांनी झाकून गेले होते. पाऊल पडेपर्यंत दिसत नव्हते. ती बसून, घसरत, आवाजाच्या मागे गेली. ती जवळ गेली तसा आवाज बारीक झाला, आणि मग पायाखालून दुसराच आवाज आला, चांगला तिखट.

"सांभाळून. पुढे काही नाही. नुसती हवा आहे."

मुलगी चराच्या कडेला पोटावर पडली होती. जाड बूट दगडांत अडकून निसटला होता, पाय खाली लोंबत होते, आणि दोन्ही हातांनी तिनं एका झाडाची खालची फांदी कवटाळली होती. उंबरनं तिच्या कमरेला दोर बांधला. बांबूनं आणि पोरांनी वरून ओढलं. चराच्या अलीकडे येऊन दोघी चिखलात बसल्या तेव्हा मुलीचे दात वाजत होते.

"हाक का नाही मारलीस?" उंबरनं विचारलं. तिला रडू येत होतं म्हणून आवाज रागाचा निघाला.

"काय म्हणून मारायची?" मुलगी म्हणाली. "मला झाड कुठाय? साहेबांनी बजावलं होतं, हाक चालू असताना मधे तोंड उघडायचं नाही, मोजणी चुकते. वाट चुकून खाली आले तेव्हा हाकच चालू होती. मी म्हटलं, होऊ दे त्यांचं पुरे, मग ओरडते. मग घसरलेच. ओरडले, पण छातीत हवाच नव्हती." तिनं तोंडावरचा चिखल पुसला. "मग तुम्ही हाका मारायला लागलात, म्हणून फांदी धरून राहिले."

"मी?"

"बाईचाच आवाज होता. इथूनच, अगदी कानाशी. तुती, तुती. मला वाटलं, तुम्ही झाडाचं नाव सांगताय. ते धर म्हणून." तिनं मान वळवली. "तुतीच आहे ना हे?"

तुतीच होती. जुनी, वाकडी, चराच्या कडेतून उगवलेली, मुळांनी दगड आवळून बसलेली. उंबरनं तिच्या खरबरीत पानावर हात ठेवला आणि तिला सगळं एकदम समजलं. त्या अख्ख्या रानात तुती नव्हती. कुणी लावलेली नव्हती, आसपास कुठंही घर नव्हतं, परस नव्हतं. ती आली होती एका मुलीच्या खिशातून, रुमालात बांधलेली.

पुढच्या आठवड्यात माणसं खणायला आली. मुळांच्या जाळ्यात त्यांना पट्ट्याचं बक्कल मिळालं, विद्यालयाच्या शिक्क्याचं, आणि आणखी जे मिळालं ते त्यांनी पांढऱ्या कापडात बांधून खाली आणलं. सागसाहेब उघड्या डोक्यानं फाटकात उभे होते. त्यांनी उंबरला काही तरी म्हणायचा प्रयत्न केला. तिनं थांबून ऐकून घेतलं नाही. माफ करणं हे काही मोठ्यानं 'पुरे' म्हणण्याइतकं सोपं नव्हतं.

मुलीनं परीक्षा दिली. "सूट नको," असं तिनं साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, आणि या खेपेला उंबर तिच्या शेजारी उभी होती. चढायला तिला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. वाटेत ती बसली, शिव्या दिल्या, पुन्हा उठली. नियमात वेळ कुठंच लिहिलेली नव्हती. इतक्या वर्षांत कुणी उघडून पाहिलंच नव्हतं. वर आल्यावर तिला झाड विचारलं.

"तुती द्या," ती म्हणाली.

"ते दिलेलं आहे," उंबर म्हणाली.

मुलीनं उंबरकडे पाहून मान डोलावली. "मग शेवगा. सगळे म्हणतात, शेवगा लगेच मोडतो. मोडतोच. पण मोडलेली फांदी खोचली तरी फुटतो."

त्यानंतरच्या धुक्यात रांग उंबरनं नेली. साहेबांनीच सांगितलं, तुम्ही पुढे व्हा. हाक गेली. देवदार, निवडुंग, बांबू. सगळ्यात शेवटी शेवगा, ठसक्यात. मग सगळे 'पुरे'ची वाट पाहू लागले. उंबरनं ते म्हटलं नाही. पानांवरून पाणी ठिबकत होतं. कुणी तरी पाय बदलला. कुणी खाकरलं.

"मॅडम, सगळे झाले," देवदार कुजबुजला.

"थांब. एकीचं राहिलंय."

कुणी हसलं नाही. आणि मग शेवग्याच्या मागून, हाताच्या अंतरावरून, धाप न लागलेल्या आवाजात आलं.

"तुती."

"पुरे," उंबर म्हणाली, आणि तिला पुढची वाट दिसेना, धुक्यामुळे नव्हे.

सुट्टी काढून ती घरी गेली. आई मागच्या दारी पायरीवर शेंगा सोलत बसली होती. परसातली तुती अजून होती. ती तोडायचा विषय काढायची घरात कुणाची टाप नव्हती. झाडाखालची फरशी जांभळी झाली होती. उंबर आईच्या शेजारी बसली, आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरून तिनं सरळ सांगून टाकलं. चर. बक्कल. झाड. हाका.

"ती पळून गेली नव्हती, आई. तू म्हणायचीस तेच खरं. ती हाक मारत होती. आता लेखी येईल तसं. सगळ्यांना दाखवू आपण."

आई शेंग हातात धरून बसली. तिच्या चेहऱ्यावर समाधान येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

"मी भांडत होते गं लोकांशी," आई म्हणाली. "पण मनातून म्हणत होते, यांचंच खरं असू दे. गेली असेल पळून. कुठं तरी घर असेल तिचं, पोरंबाळं असतील. माझ्यावर रागावली असेल म्हणून येत नसेल. रोज रात्री एवढं म्हटलं की झोप लागायची."

तिनं शेंग सोलली. दाणे परातीत न पडता पायरीवरून घरंगळत झाडाखाली गेले. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"म्हणजे मी इथं झोपत होते," आई म्हणाली, "आणि ती तिथं हाका मारत होती."